आगट्यांची वहिवाट

हृषीकेश आगटेनं चिखलदऱ्याचं ते घर दारातूनच नापास केलं. चपला काढायच्या आधी त्यानं मान वर करून छताचा कोपरा पाहिला, मग वाकून फरशीचा सांधा पाहिला आणि "असो" म्हणाला. पुण्याजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. तिथं त्यानं उभा जन्म मालाची तपासणी करण्यात घालवला होता. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामाला नावं ठेवायचा पगार घेतला होता. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, पण काम त्यानं बिनपगारी चालू ठेवलं. हॉटेलातलं वरण, भाच्याची बायको, महापालिकेच्या बिनचालकाच्या बस, शेजाऱ्यांचा नातू, सगळं एकेक करून त्याच्या पट्ट्यावरून जायचं आणि बहुतेक माल परत जायचा.

घर प्रवीण गुल्हाने नावाच्या माणसाचं होतं. तो एका कॉफीच्या मळ्यावर देखरेख करायचा. त्याची थोरली मुलगी पुण्यात शिकायला होती आणि तिला भेटायला आई, बायको, भाऊ, भावजय, दोन लहान पोरं असं सगळं लटांबर घेऊन तो आगट्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवसांसाठी राहायला गेला होता. त्याबदल्यात आगटे नवरा-बायको त्याच्या घरी. घरबदल आता सर्रास झाला होता. हृषीकेशच्या मते हॉटेलात राहणारे मूर्ख आणि नातेवाइकांकडे उतरणारे लाचार. घरबदल हाच काय तो शहाण्यांचा मार्ग. फुकट राहायलाही मिळतं आणि नावं ठेवायलाही मिळतात.

"शोकेसमध्ये प्लॅस्टिकची सफरचंदं," तो हॉलमध्ये उभा राहून म्हणाला. "खरी सफरचंदं शोकेसमध्ये ठेवत नाहीत हे तरी माहीत आहे, नशीब."

त्याची बायको केतकी खिडकीपाशी गेली होती. खाली दरी होती, दरीत धुकं भरलं होतं आणि खिडकीला लागून एक मोठं जेवणाचं टेबल होतं. तिनं टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि त्यावर हात ठेवून ती नुसती उभी राहिली. या प्रवासाला तिनं होकार दिला होता तो मुलाखत परतल्यावर आहे म्हणून. पण निघायच्या आदल्या दिवशी कळलं की मुलाखत अलीकडे आणली आहे. म्हणजे ती इथूनच द्यायची होती.

मुलाखत अशी. केतकी रडारची इंजिनिअर होती. ढगात पाऊस किती आहे, गारा आहेत का, ढग फुटणार आहे का, हे लहरी पाठवून ओळखणारी रडारं तिनं बावीस वर्षं सांभाळली. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि कुणीतरी घरी राहायला हवं असं ठरलं. 'कुणीतरी' म्हणजे कोण, यावर चर्चा झाली नाही. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. परत कामाला जा, असं कुणी म्हणालं नाही, आणि तिनंही बरेच दिवस तो विषय काढला नाही. आता उत्तराखंडात, चमोलीच्या वर डोंगरात, ढगफुटीची सूचना देणारं नवं केंद्र उभं राहत होतं. तिथं तीन वर्षांसाठी प्रमुख हवा होता. तिनं अर्ज केला, लेखी निवडीत तिचं नाव वर आलं, आणि सत्तावन्नाव्या वर्षी तिला रात्रीची नीट झोप लागेनाशी झाली.

"पन्नाशी उलटल्यावर रडार," हृषीकेश म्हणाला होता. "तुझ्यावाचून ढग काय अडून बसलेत?"

आता नेटचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. पूर्वी वाय-फायचा डबा कोपऱ्यात धूळ खात पडलेला असे आणि त्याच्या लहरी भिंतीबिंती न जुमानता घरभर जात. नव्या पिढीचं नेट कितीतरी पट वेगवान, पण त्याच्या लहरी फार आखूड. भिंत त्यांना पार होत नाही, बंद दार पार होत नाही आणि माणूस तर मुळीच नाही. कारण माणूस म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. म्हणून प्रत्येक खोलीच्या छताला एक चकती बसवतात. ती चकती नेट शॉवरसारखं सगळीकडे फवारत नाही. विजेरीसारखा एक अरुंद झोत ती नेमका तुमच्या यंत्रावर धरून ठेवते. तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत गेलात की या खोलीची चकती तुम्हाला सोडते आणि त्या खोलीची धरते. गोम अशी की तुम्ही गेल्यावर हे करून भागत नाही. तोवर समोरच्या माणसाचं तोंड पडद्यावर उघडंच राहिलेलं असतं. तुम्ही जाणार, हे चकत्यांना आधी कळावं लागतं.

त्यासाठी त्या घरातल्या माणसांचा अभ्यास करतात. अंगावरून परतलेल्या लहरींवरून त्यांना कळतं की कोण बसलंय, कोण उठायच्या बेतात आहे, श्वास कसा चाललाय, पाऊल कुणाचं आहे. त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, त्यामुळे लोकांनी फारशी तक्रारही केली नाही. महिनोन्महिने हे साठत जातं आणि त्यातून त्या घराची वहिवाट तयार होते. शब्द कंपनीचाच. घरबदल करणारे लोक कपड्यांबरोबर आपली वहिवाटही घेऊन जातात. नव्या घरातल्या चकत्यांना ती दिली की त्या आपला हॉल तिथल्या हॉलला आणि आपलं स्वयंपाकघर तिथल्या स्वयंपाकघराला जुळवून घेतात, आणि पहिल्या तासापासून नेट घरच्यासारखं चालतं. वहिवाट दिली नाही तर चकत्या आठ-दहा दिवस आंधळ्यासारख्या चाचपडतात. हृषीकेशनं आगट्यांची वहिवाट दिली. छतावरचे दिवे हिरवे झाले. "चला, एवढं तरी जमलं यांना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी टेबलाशी बसून आपल्या एका जुन्या सहकाऱ्याबरोबर मुलाखतीची तालीम करत होती. हृषीकेश आंघोळ करून हॉलमध्ये आला, सोफ्यावर बसला, आणि तिचा कॉल तुटला. थोड्या वेळानं जुळला. तो पाणी प्यायला आत जाऊन परत आला, पुन्हा तुटला. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. त्याचं स्वतःचं नेट मात्र ठणठणीत होतं. त्यावरून त्यानं निदान केलं की तिचा लॅपटॉप जुना आहे. मग तिनं त्याचा टॅब घेऊन पाहिला. तोही तिच्या हातात आल्यावर तुटायला लागला. तेव्हा दोष लॅपटॉपकडून घराकडे गेला.

त्यानं गुल्हानेला फोन लावला. पलीकडे आगट्यांच्याच हॉलमध्ये सगळे गुल्हाने जमले होते; कुणी ताट पुसत होतं, कुणी पोराला भरवत होतं, एक म्हातारी मधोमध बसून मोठ्यानं बोलत होती. आपल्या सोफ्यावर पाच माणसं बसलेली पाहून हृषीकेशच्या कपाळाला आठी पडली. पाहुण्यांना घर देताना नेट तपासून द्यायची पद्धत तुमच्याकडे नाही का, असं त्यानं विचारलं. मग विदर्भ, अनुशेष, कामाची वृत्ती अशी बरीच वळणं घेत तो बोलत राहिला. गुल्हाने बिचारा ओशाळला.

"दादा, आमच्याइथं तर असा प्रॉब्लेम कधीच नाई आला जी," तो म्हणाला. "अन् तुमच्या घरी तर नेट असं मस्त चालून रायलं, सारे एकाच खोलीत बसून पायतो आम्ही. थांबा, मी रंजनाताईले सांगतो. त्या येऊन जातीन."

रंजनाताई मेटकर शेजारच्या बाई. गुल्हान्यांनी किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती. त्या आल्या त्या हातात पाटवडीचं पातेलं घेऊन. नेटमधलं आपल्याला काही कळत नाही, पण कंपनीला फोन करून पाहा, असं त्यांनी सुचवलं. हृषीकेशला तेच हवं होतं. तक्रार करणं ही त्याची खरी कला होती आणि आज प्रेक्षकही होते. खडसावणं कसं असतं ते बाईंनाही ऐकू यावं म्हणून त्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

कंपनीचा मदतनीस म्हणजे यंत्रच, पण आवाज एखाद्या सुशिक्षित, शांत मुलीसारखा. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही, त्यामुळे त्याचा अर्धा हुरूप तिथंच गेला.

"आगटेसाहेब, दोन्ही घरच्या चकत्या व्यवस्थित आहेत," मग ती म्हणाली. "अडचण इतकीच आहे, की आपण खोलीत आलात की केतकी आगटे त्या खोलीतून निघून जातात. आपल्या वहिवाटीतला हा सर्वांत पक्का नमुना आहे. म्हणून आपण दारात येताच आम्ही त्यांचं नेट आधीच स्वयंपाकघराकडे देतो. या घरात त्या टेबलाशी बसून राहतात, त्यामुळे ते तुटतं. त्यांनी नेहमीप्रमाणे उठून आत जावं, म्हणजे तुटणार नाही."

रंजनाताईंनी पातेल्यावरचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. हृषीकेशनं फोन बंद करायला बोट फिरवलं ते दोनदा चुकलं. "मी येते वहिनी, गरम हाये तवाच खाऊन घ्या," असं म्हणून रंजनाताई लगबगीनं गेल्या. जाता जाता त्यांनी केतकीच्या दंडाला हात लावला. ते हृषीकेशला दिसलं आणि ते त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

"खरं आहे हे?" त्यानं विचारलं.

केतकी खिडकीकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. तिला खरंच आश्चर्य वाटत होतं.

"मी उठून जाते हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "दर वेळी जाते हे माहीत नव्हतं."

"पण का?"

"तू आलास की काहीतरी चुकलेलं निघतं, हृषी. दिवा चालू राहिलेला असतो, नाहीतर कप चुकीच्या जागी असतो. काहीच नसलं तर मी बसलेली चुकीची असते. मग मी आत जाते. आत निदान भांडी तरी असतात."

तो म्हणाला, हा अतिरेक आहे. तो म्हणाला, यंत्राला संसार काय कळतो. तो असंही म्हणाला, की बायका स्वयंपाकघरात जातातच, त्यात नमुना कसला. ती ऐकत होती, आणि बोलणं अर्ध्यावर असताना उठून पाटवडी गरम करायला आत गेली. छतावरची चकती तिच्या आधीच तिकडे वळली होती.

आता कुणीही सरळ माणूस वरमला असता. हृषीकेशही वरमला, नाही असं नाही. थोडा वेळ त्याला चक्क भीती वाटली. पण भीती वाटणं हे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं, म्हणून त्यानं तिला लगेच दुसरं नाव दिलं: मोजमापातली चूक. कारखान्यातही एखादा आकडा पटला नाही की तो आधी मोजणाऱ्या यंत्रावर संशय घ्यायचा. त्यानं ठरवलं की पुन्हा मोजणी करायची. तो उद्यापासून नीट वागेल, केतकी बसून राहील आणि यंत्राचे दात त्याच्याच घशात जातील.

दुसऱ्या दिवशी त्यानं चहा स्वतः केला. कप टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि प्रसन्न चेहऱ्यानं विचारलं, की तुमच्या रडारला ढगातलं कळतं म्हणजे नेमकं काय कळतं. लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर विचारलेला हा प्रश्न. केतकीनं त्याच्याकडे जरा चकित होऊनच पाहिलं, आणि मग सांगायला लागली. पावसाच्या थेंबावरून लहर परतते, थेंब मोठा असला की जास्त परतते. थेंब पडताना चपटा होतो, म्हणून आडवी लहर आणि उभी लहर वेगवेगळी येते. हे सांगताना तिचे हात हलायला लागले. तिला ते सांगायला आवडत होतं.

"चपटा नाही," हृषीकेश म्हणाला. "थेंब लांबट असतो. वर निमुळता."

"चित्रात असतो तसा."

"चित्रं काय उगीच काढतात?"

तिनं पुढं सांगितलं नाही. कप रिकामा झाला होता, तो तिनं उचलला आणि आत गेली. हृषीकेशनं लॅपटॉपकडे पाहिलं. तिनं उघडून ठेवलेलं पान ती उठायच्या आधीच अडकलं होतं. दिवसभर त्यानं असे प्रयोग केले. गप्प बसून पाहिलं, हसून पाहिलं. एकदा तिच्या साडीचं कौतुक केलं, आणि ते करताना रंग तिला जरा भडक दिसतो हेही सांगून टाकलं. स्वभावाला औषध नाही. ती दर वेळी काही ना काही कामानं उठली आणि चकतीनं दर वेळी ते आधी ओळखलं. संध्याकाळपर्यंत त्याची खात्री पटली की हे यंत्र खोटं बोलत नाही. आणि नेमकं त्यामुळेच त्याला त्याचा अनावर संताप आला.

केतकीनं यातून मार्ग काढला होता. उद्या अकराला मुलाखत. तेव्हा तू दोन तास रंजनाताईंकडे जाऊन बस, त्यांना मी सांगितलंय, असं तिनं त्याला जेवताना सांगितलं. तू दारात आला नाहीस तर चकत्यांना मला कुठं हलवायचं कारणच नाही. हृषीकेश भात कालवत राहिला. बायकोच्या मुलाखतीसाठी घराबाहेर काढलेला नवरा, आणि तोही त्या बाईच्या ओट्यावर, जिनं सगळं कानांनी ऐकलं.

सकाळी केतकी मन शांत करायला दरीच्या कड्यापर्यंत फिरायला गेली. हृषीकेश घरात एकटा होता. त्यानं फोन काढला, कंपनीचं पान उघडलं आणि 'वहिवाट पुसा' यावर बोट ठेवलं. खातं त्याच्या नावावर होतं. यंत्रानं विचारलं, नक्की का? नव्यानं शिकायला आठ-दहा दिवस लागतील आणि तोवर नेट अडखळेल. मुलाखत त्याच्या डोक्यात नव्हती असं नाही. होती. पण सदोष मोजणी नोंदीत राहू देणं त्याला जमत नव्हतं, आणि ती मोजणी पुसली की मोजलेलं प्रकरणही पुसलं जाईल असं त्याला आतून वाटत होतं. त्यानं होय म्हटलं. छतावरचे दिवे हिरव्याचे पिवळे झाले. त्याला हलकं वाटलं.

केतकी आली आणि दारातच थांबली. तिनं दिवे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिलं.

"चुकीचा डेटा होता," तो म्हणाला. "आपण कोरी सुरुवात करू. काय बिघडलं?"

तिनं आरडाओरडा केला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पालथ्या हातानं पुसलं आणि इंजिनिअरसारखा विचार करायला लागली. वहिवाट नाही म्हणजे चकत्यांना कुणाचीच ओळख नाही. त्यांना फक्त एवढंच कळतं की काहीतरी हलतंय, आणि जे हलतं तिकडे त्या झोत फेकतात. पण खोलीत एकच माणूस असेल आणि ते न हलता बसेल, तर झोत त्याच्यावर ठरेल. म्हणजे अजून जमण्यासारखं होतं. तिनं खुर्ची चकतीच्या अगदी खाली ओढली, पडदे बांधून टाकले आणि पंख्याचं बटण बंद केलं.

"मी बोलवेपर्यंत आत येऊ नकोस," ती म्हणाली. "काहीही झालं तरी."

तो रंजनाताईंकडे गेला नाही. घराबाहेर कठड्यावर बसला. हॉलची खिडकी अर्धवट उघडी होती आणि तिचा आवाज बाहेर येत होता. मुलाखत घेणारे चौघे जण होते, तिघं पुरुष आणि एक बाई. थेंबांचं, गारांचं, बर्फात अडकलेल्या विजेच्या तारांचं विचारत होते. केतकी उत्तरं देत होती. मध्येच एका पुरुषानं काहीतरी कबूल केल्यासारखं "बरोबर, बरोबर" म्हटलं. हृषीकेश ऐकत राहिला. घरात तिचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यात कुठं अडखळणं नव्हतं. त्याला अभिमान वाटायला हरकत नव्हती. त्याऐवजी त्याला वाटलं, कुणी हिला आडवा प्रश्न कसा विचारत नाही.

दरीतलं धुकं वर आलं आणि हवा गार झाली. शाल आत सोफ्यावर होती. शाल हे निमित्त होतं. अंगात स्वेटर होता. त्याला तिचा चेहरा बघायचा होता, आणि तिची एखादी तरी चूक पकडायची होती. नुसतं दारातून हात घालून घेतो, असं मनाशी म्हणत तो आत शिरला.

छतावरच्या चकतीला एक हलणारं माणूस सापडलं आणि झोत त्याच्यावर गेला. पडद्यावरचे चारही चेहरे जागच्या जागी थांबले. मधल्या गृहस्थांचं तोंड उघडंच राहिलं.

हृषीकेश शाल हातात धरून उभा होता. आता केतकी उठेल, आत जाईल, असं त्याला वाटलं; तो तिच्या उठण्याची वाटच पाहत होता म्हणा ना. ती उठली नाही. हलली तर झोत ठरणार नाही हे तिला माहीत होतं. तिनं नुसती मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. असं तिनं त्याच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. तो मात्र आयुष्यभर सगळ्या जगाकडे तसंच पाहत आला होता, त्यामुळे ती नजर त्यानं लगेच ओळखली.

"बाहेर जा," ती म्हणाली.

तो गेला. कठड्यावर येऊन बसला तेव्हा शाल हातातच होती, ती पांघरायची त्याला आठवण राहिली नाही. आत कॉल जुळला. मधल्या गृहस्थांनी काळजीनं विचारलं, की तिकडे नेटची काही अडचण आहे का, हवं तर पुन्हा कधीतरी बोलू.

"नाही सर, नेट चांगलं आहे," केतकीचा आवाज आला. "अडचण बाहेर गेली आहे."

चौघे हसले. मुलाखत पुढं सुरू झाली आणि बराच वेळ चालली.

दोन दिवसांनी निवड झाल्याचा फोन आला. केतकीनं तो हॉलमध्ये, त्याच्यासमोर घेतला आणि संपेपर्यंत खुर्चीतून उठली नाही. मग तिनं बॅग भरली. नागपूरला बहिणीकडे दहा दिवस राहायचं, तिथून परस्पर वर जायचं, असं तिनं ठरवलं होतं. लोकरीचे कपडे बहीण घेऊन ठेवणार होती. तिनं कशालाही त्याची परवानगी मागितली नाही.

"आणि माझं काय?" हृषीकेशनं विचारलं.

"काय तुझं? मी जातेय त्याचं विचारतोयस, की जेवणाचं?"

उत्तर द्यायला ती संधी चांगली होती. त्यानं तोंड उघडलं. आत बरंच काही होतं, पण इतकी वर्षं त्या वाटेनं काही बाहेर आलं नव्हतं, त्यामुळे नेहमीचंच आलं.

"फ्लॅटमध्ये ते गुल्हाने बसलेत," तो म्हणाला. "मला घरीसुद्धा जाता येणार नाही."

केतकीनं बॅगेची चेन लावली. रंजनाताई तिला गाडीपर्यंत पोचवायला आल्या होत्या. त्यांनी बॅग उचलली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुढं चालायला लागल्या.

मग तो तिथंच राहिला. दुसरं करणार काय. गुल्हान्यांचं कुटुंब कोथरूडमध्ये मजेत होतं आणि करार पंधरा दिवसांचा होता. सकाळी तो स्वतःपुरता चहा करी. दुपारी रंजनाताईंच्या घरून डबा येई. तो चांगला असे, तरी त्यात तिखट जास्त आहे असं तो रिकाम्या घराला सांगे. चकत्यांना त्याची वहिवाट दोन दिवसांतच पाठ झाली. एका माणसाचं असं कितीसं असतं? छतावरचे दिवे हिरवेगार झाले. सवयीनं त्यानं त्यांची परीक्षाही घेतली: कॉल चालू ठेवून अचानक उठला, मोरीत गेला, माघारी फिरला, व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. नेट एकदाही अडखळलं नाही. तो जिथं जाई तिथं ते आधीच जाऊन थांबलेलं असे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं केतकीला फोन लावला. काय बोलायचं ते त्यानं दुपारपासून जुळवलं होतं. चूक झाली, असे शब्द त्यात होते. ते त्यानं आरशासमोर म्हणूनही पाहिले होते. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. केतकी बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, आजूबाजूला भाच्या होत्या, कुणीतरी हसत होतं. ती मजेत खुर्चीवर मांडी घालून बसली होती.

"बोल," ती म्हणाली, आणि थांबली. खरंच थांबली. भाच्यांनाही तिनं हातानं गप्प केलं.

हृषीकेशनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं पाहिलं.

"तुझ्यामागं त्या भिंतीला ओल आलीय," तो म्हणाला. "प्लॅस्टर नीट केलेलं नाही. सांग त्यांना."

केतकीनं भाच्यांसाठी वर धरलेला हात खाली घेतला. मग पडदा काळा झाला.

त्यानं झटकन मान वर करून चकतीकडे पाहिलं. दिवा हिरवा होता, स्थिर होता. नेट गेलं नव्हतं. फोन तिनंच ठेवला होता.